फ्यूज टाकला की उडतोय? अँप्लीफायरचं झाकण काढायच्या आधी हे बघून घ्या

श्रावण लागला की आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरी मशीनं, म्हणजे अँप्लीफायर, यायला लागतात. भजनी मंडळाचं मशीन, गल्लीतल्या गणपतीचं मशीन, कुणाच्या काकांचं पंचवीस वर्षं जुनं डेकचं अँप. सगळ्यांची कहाणी एकच, वर्षभर माळ्यावर होतं, काल लावून बघितलं, फट्ट, फ्यूज गेला, दुसरा टाकला, तोपण गेला, मग तिसऱ्यांदा कुणीतरी हुशारी केली. ती हुशारी काय असते ते खाली सांगतोच. सातपूरला आयटीआय केलं, नंतर अंबडला कंपनीत मेंटेनन्सला होतो, आणि घरी हा उद्योग पंधरा वर्षं तरी चालू आहे, त्यामुळे हा एक फॉल्ट मला आता झोपेतपण ओळखू येतो. निम्म्याहून जास्त वेळा मशीन उघडावंच लागत नाही. आणि जेव्हा उघडावं लागतं तेव्हा लोक फ्यूजपेक्षा मोठा घोटाळा करून घेतात, म्हणून लिहितोय.

आधी लक्षणं नीट बघा, कारण फ्यूज कधी उडतो यावरूनच अर्धं कळतं.

– स्विच टाकला की लगेच उडतो, काच आतून काळी किंवा चंदेरी झालेली. आत कुठेतरी डेड शॉर्ट आहे, म्हणजे करंटला अडथळाच राहिलेला नाही. ब्रिज (एसीचं डीसी करणारा चार डायोडचा पार्ट), आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला ताकद देणारे), नाहीतर ट्रान्सफॉर्मर.
– काच स्वच्छ, आतली तार फक्त मधे तुटलेली, आणि हे कधीतरीच होतं. फ्यूज म्हातारा झाला किंवा चुकीच्या प्रकारचा टाकलाय.
– आवाज कमी असेपर्यंत ठीक, आरतीला आवाज वाढवला की उडतो. स्पीकरच्या बॉक्सची जोडणी बघा.
– अर्धा-पाऊण तास चालतो मग उडतो. गरम होतंय. पंखा बंद, जाळीत धूळ, हीटसिंकची, म्हणजे ट्रान्झिस्टर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याची, पेस्ट वाळून खडू झालेली.
– बॅटरीवर लावलं की उडतो. दिंडीतल्या बारा व्होल्टवाल्या मशीनला हे हमखास होतं. घाईत प्लस-मायनस उलटे लागले की बऱ्याच मशीनमध्ये आतला डायोड मुद्दाम फ्यूज उडवतो. पण मोठा फ्यूज असेल तर तो डायोडच शॉर्ट होऊन बसतो आणि मग सरळ लावलं तरी फ्यूज टिकत नाही.
– माईक ओठाला लागला की झिणझिण्या, किंवा मशीनच्या पत्र्याला हात लावला की करंट मारतो. हे असेल तर फ्यूजबिज राहू द्या बाजूला, प्लग काढा, बाकीचं नंतर.

आता शेवटच्यापासूनच सुरुवात करू, कारण याला पैसे लागत नाहीत.

प्लग हातात घ्या आणि बघा. तीन पिना आहेत का? वरची जाड लांब पिन अर्थिंगची, ती तुटलेली किंवा कुणीतरी मुद्दाम कापलेली असते, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की अर्थिंग काढलं की घुम्म आवाज जातो. जातो, खरंय. पण आत फेजची वायर पत्र्याला टेकली तर अर्थिंग असताना मोठा करंट जाऊन फ्यूज उडतो आणि अर्थिंग नसताना तो पत्रा २३० व्होल्टवर बसून राहतो, कुणीतरी ओल्या हाताने माईक धरेपर्यंत. घुम्म घालवायचा असेल तर मिक्सर, मोबाईलचा चार्जर, मशीन सगळं एकाच बोर्डातून घ्या, नाहीतर मधे ऑडिओचा आयसोलेटर (आवाज जाऊ देणारा पण दोन्हीकडच्या वायरी वेगळ्या ठेवणारा डबा) टाका. पिन कापायची नाही. आणि पिना तुटल्या म्हणून दोन उघड्या वायरी सॉकेटमध्ये खुपसून काडेपेटीच्या काड्या खोचणं, हे तर मंडपात मी दरवर्षी बघतो, दरवर्षी शिव्या घालतो, आणि दरवर्षी तोच कार्यकर्ता हसतो.

सॉकेटमध्ये अर्थिंग खरंच आहे का हे वेगळं. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये तिसरं भोक असतं पण मागे वायरच नसते. मीटरवर फेज आणि अर्थिंगमध्ये २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये दोन-चार व्होल्ट दिसायला पाहिजेत. सॉकेटमध्ये मीटर घालायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा, दहा मिनिटांचं काम आहे. टेस्टर लावून "लाईट लागला नाही म्हणजे करंट नाही" असं ठरवू नका, उन्हात टेस्टरचा लाईट दिसत नाही आणि कधी नुसत्या लीकेजवरसुद्धा तो पेटतो.

मग फ्यूज. मशीनचा स्विच बंद करून फ्यूज काढू नका, प्लगच काढा, कारण फ्यूज होल्डरपर्यंत २३० व्होल्ट आलेलेच असतात. फ्यूजच्या धातूच्या टोपीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, टी २ ए २५० व्ही असं काहीतरी. टी म्हणजे हळू उडणारा, एफ म्हणजे पटकन उडणारा. मोठा गोल ट्रान्सफॉर्मर असलेलं मशीन चालू होताना क्षणभर भरपूर करंट ओढतं, तिथे एफ टाकला की तो बिचारा कधीतरी उगाच जाणार. मागच्या पॅनलवर जो आकडा आणि जो प्रकार छापलाय तोच टाका. एवढ्यावर काही मशीनं बरी होतात, गंमत नाही.

आता ती हुशारी. २ अँपियरचा उडतो म्हणून ५ चा टाकला, तो उडाला म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, किंवा वायरीचे चार तार पिळून टाकले. असं एक मशीन माझ्याकडे आलं होतं. मूळ फॉल्ट काय तर ब्रिज शॉर्ट, म्हणजे किरकोळ खर्च. चांदी लावल्यावर फ्यूजच्या जागी ट्रान्सफॉर्मर जळाला, सगळ्या घरात तो वार्निश जळाल्याचा वास, आणि ट्रान्सफॉर्मर परत गुंडाळून घ्यायला जे पैसे गेले त्यात दुसरं छोटं मशीन आलं असतं. रात्री कुणी नसताना झालं असतं तर पडद्यानेच पेट घेतला असता. माझा नियम असा, काहीतरी शोधून बदलल्याशिवाय नवीन फ्यूज टाकायचा नाही. नुसतेच एकामागून एक फ्यूज टाकत बसलं तर प्रत्येक वेळी आत अजून काहीतरी मरतं.

फुकटातली पुढची तपासणी म्हणजे मागच्या सगळ्या स्पीकर वायरी सोडवून टाका, माईक काढा, आवाज शून्यावर, आणि योग्य फ्यूज टाकून एकदा चालू करा. टिकला? मग मशीन बहुतेक धडधाकट आहे, दोष बाहेर आहे. वायरीचा एखादा केसासारखा तार शेजारच्या टर्मिनलला टेकलेला असतो, मंडपात खुर्चीचा पाय वायरीवर असतो, किंवा माळ्यावर उंदराने कुरतडलेलं असतं. प्लग काढून वायरीच्या टोकाला मीटरने ओहम बघा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६-७ दाखवतो. दोन पॅरलल जोडले की निम्मे, चार जोडले की पाव, आणि ४ ओहमपर्यंतच चालणाऱ्या मशीनला तुम्ही २ ओहम लावले तर ते जास्त करंट ओढणार आणि आवाज वाढवला की फ्यूज जाणार, यात मशीनची काय चूक? भोंगे लाइन ट्रान्सफॉर्मरवर (लांब वायरीच्या १०० व्होल्ट लाइनला भोंगा जोडणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) असतील तर मात्र मीटरच्या आकड्यावर जाऊ नका, ट्रान्सफॉर्मरची नुसती तार मीटरला फार कमी दिसते. आणि एक, १०० व्होल्ट लाइनच्या टर्मिनलला गाणं चालू असताना हात लावायचा नाही. लोकांना वाटतं स्पीकरची वायर आहे, तिला काय होतंय. नावातच १०० व्होल्ट आहे भाऊ.

(वाल्वचं, म्हणजे काचेच्या नळ्यांचं जुनं मशीन असेल तर हा स्पीकर काढायचा प्रयोग करू नका, त्याला स्पीकरचा लोड लागतो. तसं मशीन तुमच्याकडे असेल तर खाली त्याचं वेगळं लिहिलंय.)

स्पीकर काढूनही उडाला तर मग सिरीज बोर्ड. ज्याला घरी दुरुस्ती करायची हौस आहे त्याने बाकी काही घेण्याआधी हा बोर्ड घ्यावा. काय असतो, तर फेजची वायर एका बल्ब होल्डरमधून जाऊन मग सॉकेटला येते, न्यूट्रल आणि अर्थिंग सरळ. बल्ब जुना पिवळाच पाहिजे, तारेचा, ६० किंवा १०० वॅट. एलईडीचा उपयोग नाही. मशीनमध्ये शॉर्ट असला तरी १०० वॅटच्या बल्बमधून अर्ध्या अँपियरपेक्षासुद्धा कमी करंट जातो, म्हणजे फ्यूज न उडता, काही न जळता तुम्हाला कळतं काय चाललंय. बल्ब क्षणभर भक्क पेटून मंद झाला तर ठीक, आतले कंडेन्सर (वीज साठवून ठेवणारे डबे) भरले एवढाच अर्थ. पूर्ण पेटून तसाच राहिला तर शॉर्ट पक्का. मधेच कुठेतरी लालसर राहिला तर काहीतरी जास्त ओढतंय. एसएमपीएसवाली, म्हणजे मोठ्या ट्रान्सफॉर्मरऐवजी मोबाईल चार्जरसारखा सप्लाय असलेली हलकी मशीनं मात्र या बोर्डावर विचित्र वागतात, बल्ब लुकलुकत राहतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

दोन गोष्टी मात्र डोक्यात ठेवा. सिरीज बल्ब मशीनला वाचवतो, तुम्हाला वाचवत नाही. अर्धा अँपियर माणूस मारायला खूप झाला. घरातला आरसीसीबी (लीकेज झालं की लाईट तोडणारा स्विच) ३० मिलिअँपियरला पडतो तो का ते यावरून समजा. आणि तो आरसीसीबीसुद्धा फक्त ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडच्या बाजूला कामाचा. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे तुम्ही प्लस आणि मायनस दोन्ही धरले तर त्याला पत्ताच लागत नाही, तो शांत बसलेला असतो. "घरात आरसीसीबी आहे, मला काय होणार" म्हणणारे दोघं-तिघं भेटलेत मला. आणि बोर्ड स्वतः बनवणार असाल तर बंद डबीत, एकही उघडा जोड नको. जमत नसेल तर वायरमनकडून बनवून घ्या.

इथपर्यंत झाकण बंद होतं. आता झाकण.

प्लग काढायचा आणि तो आपल्याला दिसेल असा समोर टेबलावर ठेवायचा. घरात पोरं असतात, कुणीतरी मदत म्हणून लावून देतं. मशीनचा स्विच बंद आहे यावर भरवसा ठेवू नका, त्या स्विचपर्यंत २३० व्होल्ट येऊन थांबलेले असतात, आणि सॉकेट उलटं वायर केलेलं असेल तर स्विच बंद असूनही फेज थेट ट्रान्सफॉर्मरवर असतो. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवा. पायात कोरडी रबरी चप्पल, आणि पावसाळ्यात ओलसर शहाबादी फरशीवर मांडी घालून बसून तर अजिबात नको, टेबल घ्या. चालू मशीनमध्ये मोजावंच लागलं तर मीटरचा काळा क्लिप आधी पत्र्याला लावून टाका आणि एकाच हाताने काम करा, दुसरा खिशात. दोन्ही हात आत असले की करंट एका हातातून छातीतून दुसऱ्या हातात जातो, मधे हृदय आहे.

आता ते मोठे डबे, कंडेन्सर. प्लग काढलाय म्हणजे मशीन मेलंय असं नसतं. ३५-०-३५ च्या, म्हणजे मधल्या तारेपासून दोन्हीकडे ३५ व्होल्ट एसी देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला आत साधारण प्लस ४९ आणि मायनस ४९ तयार होतात, म्हणजे दोन टोकांत जवळजवळ १०० व्होल्ट डीसी, आणि १०,००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ते धरून बसतो. चांगल्या मशीनमध्ये ते उतरवायला रेझिस्टर असतो, पण तो तुटलेला असला तर? आणि फ्यूज उडालेल्या मशीनमध्ये तर सगळं अर्धवट तुटलेलंच असतं.

मी सुरुवातीला स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायचो. सगळेच करतात, दुकानातपण करतात. एकदा असा काही ठिणगीचा लोळ आला की स्क्रूड्रायव्हरचं टोक टर्मिनलला चिकटून बसलं, डोळ्यासमोर पाच मिनिटं निळा ठिपका, आणि वितळलेल्या धातूचा एक कण चष्म्याच्या काचेत रुतला. चष्मा नसता तर? तो चष्मा अजून ठेवलाय. त्या दिवसापासून एक १ किलोओहम १० वॅटचा रेझिस्टर, त्याला दोन इन्सुलेटेड वायरी आणि क्रोकोडाइल क्लिप, हा माझ्या डब्यात कायम असतो. आधी मीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवून मोजा, मग हा रेझिस्टर प्रत्येक कंडेन्सरला वेगवेगळा एकेक मिनिट लावा, मग परत मोजा. दोन व्होल्टच्या खाली गेला की ठीक. रेझिस्टर गरम होतो, बोटात धरू नका. आणि चहा पिऊन आलात तर परत एकदा मोजा, मोठे कंडेन्सर उतरवल्यावर आपोआप थोडे वर येतात.

हे झाल्यावर बाकी शोधकाम तसं सोपंय. आधी डोळे आणि नाक. मेलेली पाल, झुरळांची वसाहत, फुगलेला कंडेन्सर, काळा पडलेला रेझिस्टर, बऱ्याचदा हे बघूनच कळतं. एका मशीनमध्ये पाल बरोबर ब्रिजच्या दोन पायांवर आडवी झाली होती.

मग ब्रिज, मीटर डायोडवर ठेवून. प्रत्येक एसी पाय आणि प्लस किंवा मायनस पाय अशा जोडीला एका दिशेला ०.५-०.६ आणि उलट्या दिशेला काहीच नाही असं यायला हवं. दोन्हीकडून शून्य आणि बीप म्हणजे गेला. ब्रिज स्वस्त आहे म्हणून आधी तो. मग आउटपुट ट्रान्झिस्टर, कलेक्टर आणि एमिटर या त्याच्या दोन पायांमध्ये बीप वाजला तर शॉर्ट. बोर्डवर असताना शेजारच्यांमुळे चुकीचं दिसू शकतं, संशय आला तो बाहेर काढून तपासा. एक गेला की सहसा जोडीदाराला आणि मागच्या ड्रायव्हरला (त्यांना चालवणारा छोटा ट्रान्झिस्टर) घेऊन जातो, आणि ते पांढरे ठोकळ्यासारखे ०.२२ ओहमचे रेझिस्टरपण मोजा. नुसता मेलेला बदलला आणि ओपन झालेला रेझिस्टर तसाच ठेवला की नवीन ट्रान्झिस्टर पहिल्याच आरतीला जातो. ५२०० आणि १९४३ नंबरच्या आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी बाजारात नकली भरपूर मिळते, फार स्वस्त मिळाली तर खूश होऊ नका.

ट्रान्झिस्टर बसवताना खालचा मायका. हा कागदासारखा पातळ अभ्रकाचा तुकडा फाटला की कलेक्टर थेट हीटसिंकला आणि तिथून पत्र्याला लागतो, परत फ्यूज. आवळून झाल्यावर ट्रान्झिस्टरचा धातू आणि हीटसिंक यात बीप वाजत नाही ना बघा. काही मशीनमध्ये मुद्दामच मायका नसतो आणि अख्खा हीटसिंक व्होल्टेजवर असतो, म्हणून चालू मशीनच्या हीटसिंकला "गरम झालाय का" म्हणून हात लावायची सवय सोडा.

सगळं बसवलं की स्पीकर न लावता, सिरीज बोर्डवर, तोंड जरा लांब ठेवून. उलटा बसलेला कंडेन्सर फटाक्यासारखा फुटतो. बल्ब मंद झाला तर स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजा. पाच-पन्नास मिलिव्होल्ट ठीक, व्होल्टमध्ये आलं तर स्पीकर लावू नका, कॉइल जळेल. हे नीट आल्यावरच सरळ लाईटवर.

थांबायचं कुठे?

एसएमपीएस असेल तर मी सांगेन उघडूच नका. तिथला कंडेन्सर थेट लाईटवरून भरतो, ३२५ व्होल्ट डीसी. वाल्वचं मशीन असेल तर ४०० च्या वरसुद्धा असतं, ते ज्याने आधी केलंय त्याच्याकडेच न्या, माझ्याकडे आलं तरी मी पुढे पाठवतो. ट्रान्सफॉर्मरला जळका वास असेल, किंवा त्याच्या सेकंडरीच्या (पलीकडच्या बाजूच्या) वायरी सोडवूनही सिरीज बल्ब पूर्ण पेटत असेल, तर थांबा. ब्रिज आणि आउटपुट बदलूनही बल्ब पेटतोय, तरी थांबा, आता अंदाजाने पार्ट बदलणं म्हणजे पैसे गोदावरीत टाकणं. पत्र्याला करंट येतोय आणि कारण सापडत नाही, थांबा. पाण्यात गेलेलं मशीन असेल तर चालू करून बघायचंच नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला होता त्या पुरानंतर माझ्याकडे एक मशीन आलं, मालकाने चार दिवस उन्हात वाळवून चालू केलं होतं, वरून कोरडं ठणठणीत आणि ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यात ओल तशीच. जे वाचलं असतं ते गेलं. आणि घरात दुसरं कुणी नसेल तर, किंवा रात्रीचे बारा वाजलेत आणि उद्या स्थापना आहे म्हणून मंडळ डोक्यावर उभं आहे, तरीसुद्धा थांबा. भाड्याने मशीन मिळतं.

कुणाला शॉक बसून चिकटला तर त्याला हात लावू नका, आधी मेन बंद. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा. १०८ किंवा ११२ ला फोन, आणि श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात. उठून बसला, हसला, "काही नाही झालं" म्हणाला तरी दवाखान्यात न्या, हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

बरं, मशीन परत देताना मी एक काम करतो. मागच्या पॅनलवर मार्करने फ्यूजचा आकडा मोठ्या अक्षरात लिहितो आणि तसेच दोन फ्यूज पारदर्शक टेपने तिथेच चिकटवून देतो, म्हणजे मंडपात कुणाला चांदी शोधायला लागू नये. गेल्या वर्षी एका मंडळाने ती टेप बॅनरला वापरली आणि फ्यूज हरवले. यंदा झाकणाच्या आतून चिकटवणार होतो, मग लक्षात आलं की मग ते झाकण उघडतील.